फटफटी बंद स्थितीत उत्तम आहे

आमच्या घराच्या परसात एक बीएसए फटफटी सोळा वर्षे दोडक्याच्या वेलाखाली उभी होती, आणि याबद्दल कोणाचीही, कोणत्याही स्तरावर, तक्रार नव्हती.

फटफटी मूळची इंग्लंडची. दुसरं महायुद्ध संपल्यावर कामठीच्या छावणीत लष्करी सामानाचा लिलाव झाला, तेव्हा माझे आजोबा चंपतराव, म्हणजे आमचे आबाजी, यांनी ती घेतली आणि पंधरा वर्षे चालवली. मग १९६३ साली एका सकाळी आबाजींनी किक मारली, तर किकनं उलट आबाजींनाच मारलं. पाय प्लास्टरमध्ये गेला. प्लास्टर सव्वा महिन्यात निघालं, राग काही निघाला नाही.

"लात मारली तिनं मले," आबाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "माफी मागत नाही तोवर मी तिच्याशी बोलणार नाही."

फटफटीनं माफी मागितली नाही. तिच्यावर आईनं दोडक्याचा वेल चढवला. पुढे आम्ही नागपुरातच महाल भागातून नंदनवन वस्तीत राहायला आलो, तेव्हा फटफटी बैलबंडीवर आली आणि दोडक्याचं बी आईच्या पदराच्या गाठीत आलं. दोघांनी नव्या परसात पुन्हा संसार मांडला.

आबाजी कायद्याला भिणारे. गाडी बंद आहे, असा अर्ज त्यांनी त्याच वर्षी 'वाहन ओळख व पडताळणी कक्षा'त देऊन टाकला होता. त्यामुळे गाडी अजून बंदच आहे ना, हे पाहायला कक्षाचे लिपिक रुपराव दर भाद्रपदात येत. भाद्रपदातच का, हे कोणी विचारलं नाही; दोडके तेव्हाच भरात असतात. रुपराव खुर्ची मागत, चहा घेत आणि पंचनामा लिहीत: 'सदर वाहन परसात उभे असून त्यावर दोडक्याचा वेल आहे. वाहन चालत नाही. चालण्याची शक्यता दिसत नाही.' मग ते पिशवी काढत. पिशवी भरून देण्याचं काम माझं होतं. चालू गाड्यांची इतकी मायेनं विचारपूस करणारी कचेरी मी अजून पाहिलेली नाही.

असं सगळं सुरळीत बंद असताना, १९७९ च्या मे महिन्यात, माझ्या आत्याला नोकरी लागली.

चारुशीला आत्या एकतीस वर्षांची. शिक्षिकेच्या नोकरीसाठी ती सहा वर्षे यादीत होती. लग्नाच्या यादीत त्याहून जास्त. आदेश आला: उमरेड रस्त्यावर अठ्ठावीस किलोमीटरवरच्या एका गावातली प्राथमिक शाळा, दोन जुलैला सकाळी साडेसात वाजता हजर व्हावे, न झाल्यास नेमणूक रद्द समजावी. त्या गावाला जाणारी पहिली एसटी दहाला पोचते. गावात खोली घ्यावी, तर एकट्या बाईला खोली देण्यापूर्वी घरमालकाला तिचा नवरा पाहायचा होता.

आणि नवरा तयार होता. वणीचे भैय्याजी, बिजवर, तीन मुलं, लाकडं कापायची एक आरामशीन. त्यांनी निरोप धाडला होता की, नोकरीचं जमलं नाही तर आम्ही आहोत. 'आम्ही' म्हणजे ते, मुलं आणि आरामशीन.

माझे बाबा सरकारी कचेरीत टिप्पण्या लिहितात आणि घरीही टिप्पणीच देतात. आईनं भाजी काय करू विचारलं, की म्हणतात, "मागील धर्तीवर." आत्यानं त्यांच्यापुढे आदेश ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "साडेसात आणि दहा यांचा मेळ बसत नाही. सबब, वणीचा पर्याय विचाराधीन ठेवावा."

"वणीले मी गेली तं परत यायची सोय करूनच जाईन," आत्या म्हणाली आणि तिनं परसाकडे बोट दाखवलं. "ते काय उभं हाय तिथं?"

"दोडके," आई म्हणाली.

"दोडक्याखाली."

पहिली अडचण आबाजींची. माफीशिवाय ते गाडीला हात लावू देईनात. मग मी आणि आत्यानं पुढच्या चाकाखाली हातभर खड्डा खणला. आबाजींना समोर खुर्ची दिली. स्टँड काढताच फटफटी पुढे झुकली आणि तिचा दिवा आबाजींच्या बरोब्बर पायाशी टेकला. आबाजींनी वाकून दिव्यावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "बरं बरं, पुरे. उचला आता तिले. वय झालं तिचं."

महालातून धोंडबा मिस्त्री आले. लाल फडक्यातून त्यांनी नट खोलायचे पाने काढले, कपाळाला लावले. "ताई, आजकालचे पाने याले चालत नाही. नट इंग्लिश, तं पानाबी इंग्लिश मापाचा लागते. अख्ख्या नागपुरात माह्याजवळच हाय. बाकीचे मिस्त्री फक्त हातोडा मारते."

नागपूरच्या मे महिन्यात नऊ वाजल्यानंतर उन्हात ठेवलेला पाना उचलला तर हाताला त्याचं माप उठतं, इंग्लिशमध्ये. म्हणून आम्ही पहाटे पाचला सुरू करायचो. पिस्टन सिलिंडरला असा धरून बसला होता, की जणू त्याला कोणी बदलीचा आदेश दाखवला होता. त्याच्यावर रॉकेल आणि एरंडीचं तेल ओतून आठ दिवस वाट पाहिली. कार्बोरेटरमध्ये कुंभारीण माशीनं पक्कं बांधकाम केलेलं. टाकीतला गंज काढायला तिच्यात गिट्टी भरली आणि ती टाकी मांडीवर घेऊन मी रोज तासभर खळखळ हलवली. तेवढ्या वेळात दहावीच्या भूगोलातल्या सगळ्या नद्या पाठ झाल्या. आजही वैनगंगा म्हटलं की मला गिट्टीचा आवाज येतो. एक व्हॉल्व्ह सापडेना, तर धोंडबांनी पीठगिरणीच्या इंजिनाचा घासून बसवला. "आता ही गाडी दळणबी करीन," ते म्हणाले.

दहा जूनला आत्यानं किक मारली. अकराव्या किकला सायलेन्सरमधून आधी दोडक्याच्या बिया निघाल्या, मग काजळी, मग उंदरांचं एक कुटुंब आपल्या कापसासकट, आणि मग आवाज. काय तो आवाज! आमच्या स्वयंपाकघरातली भांडी फळीवर नाचली. आबाजींनी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या आणि लगेच, आपण रागावलो होतो हे आठवून, खाली बसले. आत्यानं ओचा खोवला, मी मागे बसले, आणि आम्ही नंदनवनच्या सात गल्ल्या पालथ्या घातल्या. खिडक्या उघडल्या. सत्यवतीकाकू धुणं सोडून फाटकात आल्या.

"काय करून राहिली वं चारू?"

"नोकरीले जाऊन राहिली!" आत्या ओरडली.

आता फक्त कागद राहिले होते.

दुसऱ्या दिवशी आबाजी, आत्या आणि मी फटफटी घेऊन कक्षात गेलो. रुपराव बाहेर आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. त्यांच्या चेहऱ्यावर घरातलं माणूस गेल्यासारखं दुःख होतं.

"वेल कुठी हाय?"

"काढला," आबाजी म्हणाले. "गाडी दुरुस्त केली गा रुपराव. चालवायची परवानगी पाहिजे."

"चंपतरावजी, ही ती गाडी नव्हे."

"नंबर पाहा ना."

"नंबर तोच आहे. पण आमच्या रेकॉर्डवरची गाडी चालत नाही. ही तं आत्ता चालत आली, मी सोता पाहिलं. म्हणजे ही दुसरी झाली. मग पहिली कुठी गेली?" त्यांनी आबाजींकडे संशयानं पाहिलं. "आधी ओळख पटवा. ओळख पटवायची तर गाडी रेकॉर्डबरहुकूम हजर करा. बंद. वेलासहित. फळं असतील तं उत्तम."

"आणि चालवायची परवानगी?" आत्यानं विचारलं.

"त्याच्यासाठी गाडी चालू लागते." त्यांनी दोन कागद दिले. जोडपत्र अ: वाहन चालत नाही, सबब तेच आहे. जोडपत्र ब: वाहन चालते, सबब चालवू द्यावे. "दोन्ही तपासण्या एकाच वेळी होतील. साहेब तुमच्या परसात दोनदा येत नाहीत."

"एकाच वेळी चालू आणि बंद?" मी विचारलं.

"कोणत्या वर्गात हाय तू?"

"दहावीत."

"मंग शिकाचं बाकी हाय अजून," रुपराव म्हणाले. त्यांनी जोडपत्र अ मध्येच 'वाहन चालविणाराचे नाव' या रकान्यात, कोणालाही न विचारता, 'चंपतराव, वय ७४' असं भरून टाकलं आणि तपासणीची तारीख दिली: तीस जून. हजर व्हायच्या आदल्या दिवसाचा आदला दिवस.

वेल काही अर्जावर वाढत नाही. मी डालडाच्या डब्यात बी लावलं. वीस दिवसांत तो दीड हात झाला, पण फटफटी झाकायला निदान सहा हात हवा. तो डबा आम्ही कॅरियरवर बांधला, उरलेली पानं सत्यवतीकाकूंच्या वेलाची लावली आणि फळांसाठी बाबांनी कॉटन मार्केटातून दोडके आणले. ते आम्ही पांढऱ्या दोऱ्यानं, एकेक मोजून अंतरावर, हँडलला टांगले. बाबांनी लांब उभं राहून पाहिलं आणि अभिप्राय दिला, "नैसर्गिकरीत्या उगवल्याचे सकृद्दर्शनी दिसते."

धोंडबांना सांगितलं, गाडी तेवढी बंद करा, प्लगची वायर काढली तरी चालेल. त्यांनी काढली. पण साहेबांची जीप फाटकात थांबली आणि धोंडबांचा चेहरा बदलला.

"ताई, बंद गाडी चालू करणारा या गावात मी एक हाय. चालू गाडी बंद करणारे गल्लोगल्ली हाय. माह्यानं नाही होत," असं पुटपुटत त्यांनी आम्ही बघेपर्यंत वायर परत लावून टाकली.

साहेबांनी वेल पाहिला. दोडके पाहिले. रुपरावांनी एक दोडका हळूच चाचपला आणि पसंतीची मान हलवली. मग साहेब गाडीवर बसले. "चालत नाही, याची खात्री करतो," ते म्हणाले आणि त्यांनी किक मारली.

फटफटी पहिल्या किकला सुरू झाली. साहेबांचा बूट गिअरवर पडला, हात क्लचवरून सुटला, आणि एक शासकीय अधिकारी, एक नस्ती, सहा हात वेल व बावीस दोडके फाटकातून बाहेर पडले. मागे रुपराव धावले; गाडीच्या मागे नव्हे, गळणाऱ्या दोडक्यांच्या मागे. आवाज चौकाकडे गेला, लहान झाला, वळला, पुन्हा मोठा झाला. बारा मिनिटांनी साहेब परतले. कानावर एक पिवळं फूल, केस उभे, आणि तोंडभर असं हसू, की त्यांच्या आईनंही ते शेवटचं पाचवीत पाहिलं असेल. गाडी कण्हेरीच्या झुडपात थांबली. साहेबांनी फूल काढलं, केस बसवले, हसू पुसलं, आणि ते परत साहेब झाले.

"लिहा रुपराव. वाहन चालत नाही."

"साहेब," आबाजी म्हणाले, "तुम्ही आत्ता चौकातून आलात ना?"

"आलो. मी आलो. गाडीचा त्यात काय संबंध?" साहेबांनी नस्ती उघडली. "हे पाहा. सोळा पंचनामे. वाहन चालत नाही, चालण्याची शक्यता दिसत नाही. नऊंवर माझी सही आहे. आता ही चालते म्हणालो, तर सोळा पंचनामे खोटे. त्यापेक्षा एक फटफटी खोटी ठरलेली सोयीची."

"साहेब, परवा साडेसातला मला हजर व्हायचं आहे," आत्या म्हणाली.

"अवश्य व्हा. शिक्षण महत्त्वाचं आहे," असं म्हणून त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली:

'प्रमाणित करण्यात येते की, सदर वाहनाची ओळख पटली असून ते बंद स्थितीत उत्तम आहे. वेल काढू नये.'

जोडपत्र अ मंजूर झाल्याकारणाने जोडपत्र ब निकाली निघालं. रुपरावांची पिशवी भरली होती.

दुसरा दिवस रविवारचा. वणीहून पोस्टकार्ड आलं होतं की, भैय्याजी बुधवारी सहज म्हणून येत आहेत. आत्या ओट्यावर बसून प्रमाणपत्र वाचत होती. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचून तिनं मला हाक मारली.

"नीले, इकडे ये वं. तुझे डोळे चांगले हाय. यात 'चालवू नये' असं कुठं लिहिलं हाय का?"

मी वाचलं. 'काढू नये' होतं, ते वेलाबद्दल. 'चालवू नये' कुठंच नव्हतं. जे चालतच नाही ते चालवू नये, असं लिहिण्याची गरज सोळा वर्षांत कोणाला वाटली नव्हती.

दोन जुलैला पहाटे सहाला आम्ही निघालो. पुढे आत्या, मागे मी, माझ्या मागे डालडाच्या डब्यातला वेल, कारण काढू नये. नाक्यावर शिपायानं हात दाखवला. आत्यानं प्रमाणपत्र दिलं. शिपायानं ते वाचलं, धडधडणाऱ्या इंजिनाकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"म्हणजे बंद हाय."

"हो."

"मंग मी थांबवलं कायले?" त्यानं कागद परत केला. "बंद हाय तं बंद, पण जरा हळू न्या ताई. पुढं पुलावर खड्डे हाय."

सात वाजून वीस मिनिटांनी आम्ही शाळेत होतो. पोरं फाटकावर चढून बघत होती. मुख्याध्यापक गिरिधर गुरुजींनी हजेरीपट काढला, पेन झटकलं आणि थांबले.

"बाई, आलात कशानं?"

"फटफटीनं."

"कागद?"

आत्यानं दिला. गुरुजींनी चष्मा लावून वाचला. "ही तर बंद आहे. आणि एसटी दहाला येते. मग साडेसातला तुम्ही आलात, असं मी कशाच्या आधारावर लिहू?"

"गुरुजी, तुमच्यासमोर उभी आहे न मी."

"दिसता आहात. त्यात वाद नाही. पण उद्या तपासणी आली तर मी काय, माझे डोळे जोडू नस्तीला? न येता हजेरी लिहिली तर माझी नोकरी जाईल." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "आदेश स्पष्ट आहे बाई. वेळेवर हजर नाही, तर नेमणूक रद्द. तसं पत्र आत्ता तुम्हाला द्यावं लागेल."

मला आरामशीन दिसू लागली. पण आत्या एकतीस वर्षे आमच्या घरात, म्हणजे बाबांच्या टिप्पण्यांखाली, वाढली होती.

"द्या पत्र," ती म्हणाली. "कोणाले देता?"

"तुम्हाला."

"मी तं आलीच नाही."

गुरुजींचं पेन हवेत राहिलं.

"पत्र घेतल्याची सही लागन न?" आत्या म्हणाली. "मी सही केली तं मी साडेसातला इथं होती. मंग नेमणूक रद्द कशी? अन् मी इथं नाही, तं पत्र घेऊन कोण राहिलं?"

गुरुजी खाली बसले. त्यांनी पाणी मागवलं. ते विचार करत होते तोवर आत्या दुसरीच्या वर्गात गेली आणि तिनं पाढे सुरू केले. दोन तास झाल्यावर गुरुजींनी अत्यंत स्वच्छ अक्षरात हजेरीपटात नोंद केली, ती मी स्वतः वाचली आहे: 'श्रीमती चारुशीला हजर नाहीत, असे त्यांनी समक्ष येऊन सांगितले.'

त्याला आता आठ महिने होत आले. नेमणूक रद्द झाल्याचं पत्र बजावणीअभावी शाळेतच पडून आहे. गैरहजर बाईंच्या वर्गातली पोरं तेराचा पाढा उलटा म्हणतात. आत्याचा पगार वेळेवर येतो, कारण पगाराचा कक्ष आणि हजेरीचा कक्ष यांचा आपसात पत्रव्यवहार नाही. भैय्याजी बुधवारी सहज आले होते. आत्या घरी नव्हती आणि कागदोपत्री शाळेतही नव्हती, तेव्हा ती आहे तरी कुठे, असं विचारत ते संध्याकाळच्या गाडीनं वणीला परतले. भाद्रपदात रुपराव आले, रविवारी, म्हणजे गाडी घरी असताना. त्यांनी सतरावा पंचनामा केला: वाहन चालत नाही. इंजिन तेव्हा गरम होतं. त्यांनी त्याच्यावर हात शेकला आणि पिशवी काढली.

एक गोष्ट सांगायची राहिली. या प्रकरणात फटफटीचे कागद रुपरावांनी पाहिले, साहेबांनी पाहिले, शिपायानं पाहिले, गुरुजींनी पाहिले. पण फटफटी चालवणाऱ्या बाईकडे लायसन्स आहे का, हे एकानंही विचारलं नाही. चालवणारी बाई त्यांना दिसतच नव्हती. लायसन्स आहे की नाही, हे मीही सांगणार नाही.

हे वाचताना तुमच्याही मनात तो प्रश्न एकदाही आला नसेल, तर रुपरावांच्या कक्षात एक लिपिकाची जागा रिकामी आहे. आणि पहिल्या किकपासून तुमच्या मनात तेवढा एकच प्रश्न घोळत असेल, तर तुम्ही थेट साहेब व्हाल. दोन्ही अर्ज एकाच खिडकीवर मिळतात. सोबत दोडके जोडावेत.